ओफेलियाची जादू खरी की मनातली? ‘पॅन्स लॅबिरिंथ’ तपासून बघायची एक पद्धत

‘पॅन्स लॅबिरिंथ’ बघून झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्या पोरीला दिसलं ते खरंच होतं, की सगळे मनाचे खेळ? मग दोन तट पडतात. एक म्हणतो, बाप गेलेला, आई आजारी, सावत्र बाप राक्षस, पोरीने पुस्तकातल्या पऱ्यांचा आसरा घेतला, यात विशेष ते काय? दुसरा म्हणतो, छे, शेवटचं फूल पाहिलं नाहीस का? दहा मिनिटांत वाद ‘ज्याचं त्याचं मत’ या थांब्यावर येतो आणि विषय बदलतो.

ही तडजोड मला पटत नाही. गिलेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाचा २००६ सालचा हा सिनेमा धूसर आहे खरा, पण त्याने धूसरपणाही हिशेबाने वापरलाय. यात कुलपं आहेत, पहारेकरी आहेत, मागे राहिलेल्या वस्तू आहेत. म्हणजे पुरावा आहे, आणि पुरावा तपासता येतो. डार्क फँटसी, म्हणजे भयाची किनार असलेली अद्भुत गोष्ट, या प्रकाराशी ज्यांची नुकतीच ओळख होतेय त्यांच्यासाठी तपासाची ही पद्धत लिहितोय. कथानक शेवटापर्यंत उघड होणार आहे, तेव्हा सिनेमा बघितला नसेल तर पहिल्या दोन पायऱ्या वाचून इथून निघा आणि बघून परत या.

पायरी १: बसण्याआधी एवढं माहीत असू द्या

गोष्ट १९४४ सालच्या स्पेनमध्ये घडते. १९३६ ते १९३९ असं यादवी युद्ध होऊन जनरल फ्रँकोची बाजू जिंकलेली आहे. हरलेल्यांपैकी काही जण अजून डोंगरात बंदुका घेऊन लढतायत, त्यांना माकी म्हणतात. त्यांचा नायनाट करायला आलेला फ्रँकोचा अधिकारी म्हणजे कॅप्टन विदाल. जंगलातली एक जुनी गिरणी हे त्याचं ठाणं. युद्धात नवरा गमावलेली कार्मेन आता विदालची बायको आहे, तिला दिवस गेलेत, आणि पहिल्या नवऱ्यापासूनची दहा-अकरा वर्षांची ओफेलिया तिच्याबरोबर त्या गिरणीत राहायला येते.

फ्रँकोची सत्ता १९७५ पर्यंत टिकली, हेही लक्षात ठेवा. सिनेमात ते कुणी सांगत नाही, पण स्पॅनिश प्रेक्षकाला ते ठाऊकच असतं. सुरुवातीला जी उद्ध्वस्त गावाची दृश्यं दिसतात ती बेल्चिते या आरागॉनमधल्या गावाची, १९३७ च्या लढाईत बेचिराख झालेल्या. ते अवशेष आजही तसेच ठेवलेत. त्यासाठी सेट लावावा लागला नाही.

भाषा स्पॅनिशच ठेवा आणि खाली इंग्रजी अक्षरं वाचा. देल तोरोने या सिनेमाची इंग्रजी सबटायटल्स स्वतः लिहिलीत, कारण आधीच्या एका सिनेमाच्या वेळी दुसऱ्यांनी केलेलं काम त्याला पसंत पडलं नव्हतं.

आणि पोस्टरवर परीकथा दिसते म्हणून लहान मुलांना घेऊन बसू नका. कॅप्टन एका शेतकऱ्याच्या पोराला बाटलीने मारतो तो प्रसंग मोठ्यांनाही जड जातो.

पायरी २: पहिल्या वेळी तपास करू नका

सलग बघा. थांबवू नका, मागे नेऊ नका. पहिल्या फेरीत तुमचा कौल कुठे झुकतो तेवढंच लक्षात ठेवा, कारण तो कौल सिनेमापेक्षा तुमच्याबद्दल जास्त सांगतो. फक्त तीन वस्तूंवर नजर असू द्या: खडू, मुळी आणि किल्ली. पुढे कामाला येतील.

पायरी ३: वहीत तीन रकाने आखा

या प्रकारच्या सगळ्याच सिनेमांत हा प्रश्न पडतो असं नाही. राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ (२०१८) घ्या. त्यातला शापित देव हस्तर खरा की भास, यावर कुणी वाद घालत बसत नाही. का? कारण त्याला एकाहून जास्त माणसं बघतात आणि त्याच्याकडून आणलेल्या मोहरांवर घर चालतं. साक्षीदार आणि मागे उरलेली वस्तू, या दोन गोष्टी असल्या की जादू पक्की होते.

तीच कसोटी इथे लावायची. दुसऱ्यांदा बघताना प्रत्येक अद्भुत घटनेपुढे तीन रकाने भरा. ओफेलियाखेरीज हे कुणी पाहिलं का? मागे काय उरलं? आणि जादूशिवाय याचा उलगडा होतो का? तिसऱ्या रकान्यात प्रामाणिक राहा. ‘होतो, पण ओढूनताणून’ असं लिहायलाही हरकत नाही.

घटनांचा क्रम थोडक्यात असा. ओफेलियाला गिरणीजवळच्या भूलभुलैयात एक फॉन भेटतो. फॉन म्हणजे रोमन पुराणातला, बकरीच्या पायांचा रानदेव. तो सांगतो की तू पाताळातली राजकन्या मोआन्ना आहेस आणि पौर्णिमेच्या आत तीन कामगिऱ्या पार पाडल्यास तर परत आपल्या राज्यात जाशील. पहिली, अंजिराच्या झाडाखालच्या बेडकाकडून किल्ली मिळवणं. दुसरी, डोळे तळहातात असलेल्या फिकट माणसाच्या दालनातून खंजीर आणणं. तिसरी शेवटी कळते: नुकत्याच जन्मलेल्या भावाला भूलभुलैयात आणणं.

पायरी ४: कच्चे पुरावे आधी बाजूला काढा

जादू खरी मानणारे मुळीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. फॉन ओफेलियाला मँड्रेक नावाच्या वनस्पतीची मुळी देतो. दुधात बुडवून, रोज दोन थेंब रक्त घालून ती आईच्या पलंगाखाली ठेवायची. आईला उतार पडतो. डॉक्टर फेरेइरोलाही तो कशामुळे पडला ते सांगता येत नाही. पुढे कॅप्टनला मुळी सापडते, आई ती आगीत टाकते, मुळी किंचाळते, आईला कळा सुरू होतात आणि बाळंतपणात ती जाते. वरवर पाहता बिनतोड. पण कार्मेनला आधीच एकदा भयंकर रक्तस्राव झालेला आहे, तिची अवस्था नाजूक आहे हे डॉक्टरने सांगितलेलं आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं कुणी म्हटलं तर तुमच्याकडे उत्तर नाही. मुळीची किंकाळीही ओफेलियाशिवाय कुणी ऐकत नाही. मुळी ही वस्तू म्हणून खरी होती, एवढंच सिद्ध होतं.

बेडकाचंही तसंच. ओफेलिया चिखलाने माखून परत येते, नवा हिरवा झगा खराब झालेला. ती झाडाच्या पोकळीत शिरली होती हे यावरून कळतं. आत बेडूक होता की नुसते किडे, हे चिखल सांगत नाही.

सोन्याच्या दरबाराचा शेवट तर पुराव्यात धरूच नका. गोळी लागून मरणाऱ्या मुलीला आईबाप सिंहासनावर दिसतात, हे दृश्य दोन्ही बाजूंना सारखंच सोयीचं आहे. त्यावर वाद घालणं म्हणजे वेळ घालवणं.

पायरी ५: आता खडू

इथे मात्र थांबायचं. सगळा खटला माझ्या मते या एका खडूवर उभा आहे.

परिस्थिती अशी: मर्सेडीस ही घरकाम पाहणारी बाई बंडखोरांना मदत करते हे उघड झालंय. ओफेलिया तिच्याबरोबर पळून जाताना पकडली गेलीय. कॅप्टनने पोरीला खोलीत कोंडलंय, पहारा बसवलाय, आणि कुणी सोडवायला आलंच तर आधी हिलाच मारा असा हुकूम दिलाय. फॉन येतो, शेवटची संधी देतो. दार बंद आहे असं ती सांगते, तेव्हा तो म्हणतो, मग आपलं दार आपण कर. ती भिंतीवर खडूने दार काढते.

पुढच्या क्षणी ती कॅप्टनच्या खोलीत असते. बाळ तिथेच आहे. कॅप्टन आत येतो, ती लपते. आणि मग कॅप्टनची नजर टेबलावर पडलेल्या खडूच्या तुकड्यावर जाते. तो उचलतो, बघतो, बोटांनी चुरडतो.

हे दृश्य दोनदा बघा. आपल्या संशयितांच्या यादीत सगळ्यात कोरडा, कल्पनेचा गंधही नसलेला माणूस कोण, तर विदाल. त्याच्याच हातात हा पुरावा दिलाय. तिथे खडू असायला नको होता हे त्याला कळतंय, पण त्याचं काय करायचं हे कळत नाहीये. रकाने भरा: दुसरा साक्षीदार आहे, मागे वस्तू उरलीय. तिसऱ्या रकान्यात काय लिहाल? पहारेकऱ्याला डुलकी लागली? गिरणीत चोरवाट होती? असेल. पण सिनेमाने त्याची एकही खूण दिलेली नाही, आणि एरवी हा दिग्दर्शक किल्ली कुणाच्या खिशात आहे याचाही हिशेब ठेवतो. बंडखोरांच्या हल्ल्याच्या गोंधळात ती निसटली म्हणावं, तर हल्ला होतो तेव्हा ती आधीच बाळापाशी पोचलेली आहे.

ज्यांना ‘मनाचे खेळ’ हा पक्ष लढवायचा आहे त्यांनी सगळी ताकद या प्रसंगावर लावावी. बाकी सगळं जिंकून इथे हरलात तर उपयोग नाही.

याच्या जोडीला एक लहान पुरावा. ओफेलिया फॉनने दिलेलं कोरं पुस्तक न्हाणीघरात उघडते. पानांवर लाल रंग पसरत जातो, बघता बघता पान रक्ताने भरतं, आणि त्याच वेळी बाहेरून आईची हाक येते. दार उघडते तर आई रक्तात उभी. मुळीच्या प्रसंगाहून हा भारी आहे, कारण इथे खबर आधी आणि घटना नंतर. पण पुस्तक दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, म्हणून मी याला अर्धेच गुण देतो.

पायरी ६: कॅमेरा कुणाच्या डोळ्यांनी बघतोय?

नवखे प्रेक्षक ही पायरी हमखास विसरतात. घटना खरी की भास हे ठरवताना पात्रांच्या बरोबरीने कॅमेऱ्यालाही साक्षीला बोलवावं लागतं. सगळं ओफेलियाच्या डोक्यात चालू असेल, तर तिला जे ठाऊक नाही ते आपल्याला दिसता कामा नये.

आता फिकट माणसाचं दालन आठवा. लांबलचक टेबल, पक्वान्नांनी भरलेलं, आणि टोकाला तो निश्चल बसलेला. काहीही खायचं नाही अशी ताकीद आहे. ओफेलिया तरी एक द्राक्ष तोंडात टाकते. ती टेबलाकडे तोंड करून उभी आहे. तिच्या पाठीमागे तो हलतो, बशीतले डोळे तळहातांत बसवतो, हात चेहऱ्याशी नेऊन बोटं पसरतो आणि उठतो. पऱ्या तिला आवरायला बघतात, ती त्यांना झटकून दुसरं द्राक्ष खाते. तिला यातलं काही माहीत नाही, आपल्याला सगळं दिसतंय. ही भीती तिच्या मनातली म्हणावी, तर तिच्या आधी ती आपल्याला कशी कळली?

भुलवणारा कॅमेराही आहे. भूलभुलैयाच्या मध्यावर ओफेलिया बाळाला छातीशी धरून फॉनशी बोलते. कॅप्टन मागून येतो, आणि त्याच्या जागेवरून दिसतं की ती एकटीच हवेशी बोलतेय. संशयवाद्यांचा हा हुकमी एक्का. बरेच जण या एका शॉटवर खटला निकालात काढतात.

पण थोडं मागे जा. त्याआधी ओफेलियाने कॅप्टनच्या मद्याच्या पेल्यात आईचं झोपेचं औषध घातलंय, आणि तो ते प्यालाय. भेलकांडत, भिंतीचा आधार घेत तो इथवर आलाय. अशा माणसाची साक्ष कोर्टात टिकेल का? बरं, जादू फक्त मानणाऱ्यालाच दिसते हा परीकथेचा जुना नियम आहे, तो लावला तरी हा शॉट निरुपयोगी ठरतो. दिग्दर्शकाने साक्षीदार आणला खरा, पण आधी त्याला गुंगीचं औषध पाजून मगच. मला यात त्याचा खट्याळपणा दिसतो.

त्याच पाठलागात ओफेलियापुढे वाट संपते तेव्हा भिंती सरकून तिला रस्ता देतात आणि पुन्हा मिटतात. ही खूण खडूइतकी पक्की नाही, पण मुळीपेक्षा बरी.

रंगांकडेही लक्ष द्या. कॅप्टनच्या जगात निळसर करडा थंडपणा आणि सरळ रेषा, फॉनच्या जगात सोनेरी-तांबूस ऊब आणि गोलाई. सिनेमा पुढे सरकतो तसे हे रंग एकमेकांत मिसळायला लागतात. गिलेर्मो नावारोला या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं. कलादिग्दर्शन आणि रंगभूषा धरून त्या वर्षी या सिनेमाला एकूण ३ मिळाली. पुष्कळदा एखाद्या झाडाच्या खोडामागून कॅमेरा सरकतो आणि पलीकडे निघतो तो दुसऱ्याच जगात. दोन जगांच्या मधे कुंपण नाही, हे तो असं न बोलता सांगतो.

पायरी ७: विरुद्ध बाजूचं वकीलपत्र घ्या

तुम्ही जादू खरी मानत असाल तर एक संध्याकाळ उलट बाजूने लढून बघा. माल कमी नाही.

सगळ्यात धारदार मुद्दा सुरुवातीलाच आहे. काडीकिडा ओफेलियाच्या खोलीत येतो. ती त्याला परी समजून पुस्तकातलं परीचं चित्र दाखवते, आणि तो चित्राकडे बघून तसा आकार घेतो. म्हणजे जादूचं रूप तिच्या वाचनातून आलं! मग फिकट माणसाचं जेवणाचं टेबल घ्या. त्याच सुमारास कॅप्टनने गावातल्या बड्यांना मेजवानी दिलेली आहे. तो टोकाला बसलाय, शेकोटी त्याच्या मागे, आणि बाहेर लोकांना रेशनवर पाव मिळतोय. मर्सेडीसकडे कोठाराची किल्ली आहे आणि एप्रनच्या घडीत चाकू. ओफेलियाला कामगिऱ्यांत काय मिळतं? आधी किल्ली, मग खंजीर. दिवसा घरात जे बघते तेच पोरगी रात्री गोष्टीत घालते, असं म्हणायला भरपूर जागा आहे.

अजून एक, फारसा न बोलला जाणारा मुद्दा. डग जोन्स या एकाच नटाने फॉन आणि फिकट माणूस अशा दोन्ही भूमिका केल्यात. त्याला स्पॅनिश येत नव्हतं, म्हणून फॉनला आवाज दिला पाब्लो आदान याने. आणि सुरुवातीला व शेवटी राजकन्येची गोष्ट सांगणारा निवेदक कोण? तोच पाब्लो आदान. म्हणजे जादू खरी असल्याचं आपल्याला तटस्थ माणूस सांगत नाहीये, फॉनचाच गळा सांगतोय. संशयवाद्यांनी हे वापरावं, फुकट देतोय.

शेवटचं फूलही त्यांना देऊन टाकावं का? वाळलेल्या अंजिराच्या फांदीवर पांढरं फूल उमलतं, शेजारी तोच काडीकिडा. ओफेलिया मेलेली आहे, गिरणीतलं दुसरं कुणी तिथे नाही. बघणारे फक्त आपण. साक्षीदार नाही म्हणून सोडून द्यावं, तर एक गंमत आहे. अंजिराला फांदीवर असं फूल येतच नाही. त्याची फुलं फळाच्या पोटात असतात, उंबरासारखीच. वर्षानुवर्षं न दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल का म्हणतो ते आठवा. म्हणजे हे फूल ‘झाड बरं झालं’ एवढंच सांगणारं असतं, तर दिग्दर्शकाने वनस्पतिशास्त्रात मार खाल्ला असं म्हणावं लागेल. मला विचाराल तर ते फूल असंभव आहे हीच त्याची साक्ष. पण हा माझा हट्ट आहे, पुरावा म्हणून रकान्यात मी तो पेन्सिलनेच लिहितो.

पायरी ८: दिग्दर्शकाचा शब्द सगळ्यात शेवटी ऐका

देल तोरोने मुलाखतींत आपली बाजू स्पष्ट सांगितलेली आहे: त्याच्या लेखी जादू खरी आहे. खोलीतून कॅप्टनच्या दालनात जायला खडूच्या दाराशिवाय दुसरी वाट नाही, असं तोच म्हणतो, आणि फुलाकडेही बोट दाखवतो. त्याच वेळी तो हेही सांगतो की हा सिनेमा मानसशास्त्रातल्या शाईच्या डागांच्या चाचणीसारखा आहे. न मानणाऱ्याला तो सगळा भास वाटणार.

हे आधी वाचलंत तर तपासाची मजा गेली. नंतर वाचलंत तरी त्याला निकाल समजू नका. पडद्यावर जे उतरलं नाही ते मुलाखतीत सांगून सिनेमात घालता येत नाही. इथे सुदैवाने खडू पडद्यावर आहे, म्हणून मुलाखत नसती तरी माझं मत तेच राहिलं असतं.

समीक्षकांच्या लिखाणात त्स्वेतान तोदोरोव या साहित्य-अभ्यासकाचं नाव भेटेल. त्याने १९७० मध्ये मांडलं की अद्भुत साहित्याचा प्राण वाचकाच्या दुविधेत असतो: नैसर्गिक उलगडा की अलौकिक, हे ठरेपर्यंतच ते ‘अद्भुत’. ठरलं की ते दुसऱ्या प्रकारात गेलं. उपयोगी विचार आहे, पण या सिनेमाला तो पुरा बसत नाही असं मला वाटतं. खडूशी माझी दुविधा संपते आणि सिनेमा तरीही संपत नाही.

पायरी ९: जादू खरी निघाली, आता पुढे?

बरेच जण इथे थांबतात, जणू खरी ठरली की शेवट गोड झाला. उलट आहे. जादू खरी धरली की फॉनवर संशय घ्यायला लागतो. ओफेलिया जेव्हा मर्सेडीसला सांगते की मला फॉन भेटला, तेव्हा ती बाई हसत नाही. आमची आई म्हणायची, फॉनपासून जपून राहावं, एवढंच ती म्हणते. पऱ्यांवर आता विश्वास नाही असं सांगणारीच हे बोलते!

हा फॉन आज्ञा देतो, कारण सांगत नाही. द्राक्षं खाल्ली म्हणून अंगावर ओरडतो. शेवटी बाळाच्या रक्ताचा एक थेंब मागतो. फिकट माणसाने खाल्लेल्या पऱ्या दरबाराच्या दृश्यात परत दिसतात, मग तो राक्षस म्हणजे वेश पालटलेला फॉनच होता का? ओफेलिया बाळ द्यायला नकार देते. राज्य गेलं तरी चालेल म्हणते. तिला वाटतं ती हरली. परीक्षा तीच होती हे तिला नंतर कळतं.

आता हे डॉक्टर फेरेइरोच्या प्रसंगाशेजारी ठेवा. छळ करून अर्धमेल्या केलेल्या बंडखोराला त्याने त्याच्याच विनंतीवरून मरण दिलंय. तू हुकूम का मोडलास, असं विदाल विचारतो. विचार न करता नुसतं हुकमाखातर हुकूम पाळणं तुमच्यासारख्यांनाच जमतं, अशा अर्थाचं डॉक्टर बोलतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. गोळी पाठीत बसते. डॉक्टरला पाताळातलं राज्य कुणी देऊ केलेलं नाही. तरी तो जे करतो ते ओफेलिया पुढे करणार आहे तेच.

आणि बंडखोर? मित्रराष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्याची बातमी वाचून ते हरखतात. त्यांना वाटतं, आता आपलीही सुटका जवळ आली. १९७५ हा आकडा आठवतोय ना? पोरीच्या पऱ्यांना कल्पना म्हणणाऱ्याने यांच्या आशेला काय म्हणायचं, हे ठरवून ठेवावं. मी अजून ठरवलेलं नाही.

पायरी १०: वाद घालताना

चार जणांत विषय निघाला तर ‘खरं की खोटं’ असा घाऊक प्रश्न विचारू नका. एकेक घटना घ्या. ‘मुळी तुझी, खडू माझा’ अशी वाटणी करा. हवेशी बोलणारा शॉट कुणी काढला की पेल्यातल्या औषधाची आठवण द्या. सोन्याच्या दरबारावर गाडी गेली की शांतपणे न्हाणीघरातल्या पुस्तकावर आणा. आणि समोरच्याने सिनेमा डब केलेला पाहिला असेल तर निवेदकाच्या आवाजाचा मुद्दा काढू नका, त्याला तो कळणार नाही.

हाताशी आणखी दोन सिनेमे असू द्या. देल तोरोचाच ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ (२००१) यादवी युद्धाच्या अखेरीस एका अनाथाश्रमात घडतो. तिथलं भूत खरं आहे का, हा प्रश्न फार वेळ उरत नाही, म्हणून रकाने भरायचा सराव तिथे सोपा जातो. दुसरा व्हिक्तोर एरिसेचा ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’, १९७३ सालचा, म्हणजे फ्रँको जिवंत असतानाच बनलेला. त्यातही एक लहान मुलगी आहे, १९४० च्या सुमाराचं स्पेन आहे आणि तिला पछाडणारा फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आहे. तिथे खडूसारखा पुरावा मिळणार नाही. गतीही फार संथ आहे, तेव्हा जेवण झाल्यावर लगेच लावू नका.